ठाणं, डोंबिवली आणि साडेबावीस कोटी आकडे

१ जानेवारी १९०१ पासून भारतात रोज कुठे किती पाऊस पडला, ही सगळी नोंद आज एका पेनड्राइव्हवर मावते. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणून रिक्षावाल्यांनाही ठाऊक असलेलं हवामान खात्याचं कार्यालय आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी देशाच्या नकाशावर अक्षांश-रेखांशांचे पाव पाव अंशाचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनाला प्रत्येक दिवसाचा एक आकडा दिला. जमिनीवर येणारे चौकोन ४,९६४. २०२४ सालच्या अखेरपर्यंतचे दिवस ४५,२९१. गुणाकार केला की २२ कोटी ४८ लाख आकडे होतात. सेकंदाला एक या वेगाने ते नुसते वाचायचे म्हटले, तर दिवसरात्र डोळा न मिटता सात वर्षं लागतील. आणि या सगळ्याचा आकार जेमतेम तीन जीबी.

दर उन्हाळ्यात बीएस्सीच्या, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची काही मुलं अशाच फाइली उघडून बसतात. कुणी पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये. कुणी पवईला आयआयटीत हवामानबदलाचा अभ्यास चालतो तिथे. कुणी गोव्यात दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्यातून काही जण जातात. काही जण थेट शास्त्रज्ञाला ईमेल लिहून जागा मिळवतात. हातात असतात साधारण आठ आठवडे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून अशी मुलं आहेत त्याहून कितीतरी जास्त जायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. इथल्या मुलांना पावसाचं विज्ञान शिकायला लागणारी निम्मी सामग्री जन्मापासून डोक्यावर कोसळत असते.

कल्याणहून सकाळची पुण्याची गाडी पकडली की पहिला धडा खिडकीतूनच मिळतो. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत २८ किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त चढते. लोणावळ्याला वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या वर जातो. तिथून तासाभराने पुण्यात उतरावं, तर वर्षाचा पाऊस सातशेच्या घरात. साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात पाऊस सहाव्या हिश्शावर येतो. जगात फार थोड्या विद्यार्थ्यांना आपला अभ्यासविषय असा तिकीट काढून बघायला मिळत असेल.

संस्थेत गेल्यावर पहिले काही दिवस नुसते फाइल उघडण्यात जातात. फाइल नेटसीडीएफ नावाच्या साच्यातली असते, ती पायथनमध्ये वाचावी लागते. वाचता आली की सगळे जण पहिली गोष्ट एकच करतात: आपलं घर शोधतात. डोंबिवलीच्या मुलीने १९.२२ उत्तर, ७३.०९ पूर्व असं टाकलं, की तिला जो चौकोन मिळतो तो सुमारे २७ किलोमीटर लांबी-रुंदीचा, ७३० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात ठाणं आहे, मुलुंड आहे, ऐरोली, कळवा, मुंब्रा, दिवा, भिवंडी आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं पूर्वेकडचं जंगलही आहे. या सगळ्यांना मिळून दिवसाचा आकडा एक. चौकोनाची पूर्वेची हद्द ७३.१२५ रेखांशावर येते आणि कल्याण स्टेशन तिच्या अर्धा-पाऊण किलोमीटर पलीकडे पडतं. म्हणजे हवामानाच्या या फाइलीत ठाणं आणि डोंबिवली एका घरात राहतात आणि कल्याणचं जंक्शन शेजारच्या घरात.

एक आकडा म्हणजे काय, हे कळायला २६ जुलै २००५ चा दिवस घ्यावा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला ७३-७४. दोन्ही वेधशाळा मुंबईतल्याच, आणि या जाळ्यात दोन्ही एकाच चौकोनात येतात. पुराने दिवसभर अडकलेली माणसं आणि कुलाब्यात नेहमीसारखी छत्री उघडून घरी गेलेली माणसं, दोघांच्या पावसाची एकाच खान्यात सरासरी होते. ज्याने हा फरक स्वतः उघडून बघितला, तो पुढे कुठल्याही नकाशावरच्या गुळगुळीत रंगांवर चटकन विश्वास ठेवणार नाही.

आता त्या ९४४ मिलिमीटरचं वजन बघू. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला, तर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर पडला तर दहा लाख लिटर, म्हणजे हजार टन. ९४४ मिलिमीटर म्हणजे दर चौरस किलोमीटरला ९ लाख ४४ हजार टन. ठाणे शहराचं क्षेत्रफळ १२८ चौरस किलोमीटर धरून तेवढाच पाऊस तिथे पडला असं समजलं, तर १२ कोटी टनांहून जास्त पाणी होतं. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणीपुरवठा होतो. त्या दराने हे पाणी एक महिना पुरलं असतं.

पाण्याच्या वजनापेक्षाही मला अचंबा वाटतो तो त्यातल्या उष्णतेचा. बाष्पाचं पाणी होताना प्रत्येक किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. समुद्रावर ते पाणी वाफ होताना सूर्याची जी ऊर्जा खर्च झाली, तीच ढगात परत मिळते आणि तिच्याच जोरावर ढग आणखी वर चढतो. २६ जुलैला सांताक्रूझच्या फक्त एका चौरस किलोमीटरवरच्या हवेत अशी सुटलेली उष्णता विजेच्या मापात ६५ कोटी युनिट भरते. महाराष्ट्रातल्या माणसाला मोठे आकडे मोजायला कोयनेसारखं माप नाही. कोयना प्रकल्पाची सगळी जनित्रं, सुमारे १,९६० मेगावॉट, पूर्ण क्षमतेने चौदा दिवस अखंड फिरली तर एवढी वीज तयार होईल. एका चौरस किलोमीटरसाठी, एका दिवसाची.

साऱ्या देशाचा मोसमी पाऊस याच मापाने मोजला, तर आकडा डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. जून ते सप्टेंबर सरासरी ८७० मिलिमीटर, क्षेत्रफळ जवळपास ३३ लाख चौरस किलोमीटर. पाणी भरतं कोयनेची साडेनऊशे धरणं काठोकाठ भरतील एवढं. त्या पावसासोबत हवेत सुटणारी उष्णता देशाच्या वर्षभराच्या वीजनिर्मितीच्या अकराशे पटींच्या आसपास जाते. पावसाळा म्हटलं की आपण पाणी बघतो. शास्त्रज्ञ त्याच्याकडे एक प्रचंड उष्णतायंत्र म्हणून बघतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलेल्या मुलालाही हळूहळू तसंच दिसायला लागतं.

एक प्रश्न मुलांना हमखास पडतो आणि तो पडायलाच हवा. ९४४ मिलिमीटर पाणी हवेत होतं तरी कुठे? ऐन पावसाळ्यात कोकणावरच्या हवेतलं सगळंच्या सगळं बाष्प, जमिनीपासून वातावरणाच्या टोकापर्यंतचं, पिळून काढलं तरी साठ-पासष्ट मिलिमीटर पाणी निघतं. त्याहून जास्त नाही. मग त्या दिवशी सांताक्रूझवरची हवा चौदा-पंधरा वेळा पिळली गेली असली पाहिजे. दर वेळी समुद्रावरून ताजी, ओली हवा येत राहिली, वर चढत राहिली, रिकामी होऊन निघून गेली आणि तिची जागा दुसरीने घेतली. ढगफुटी म्हटलं की लोकांच्या मनात पाण्याने भरलेली पिशवी फाटल्याचं चित्र असतं. खरं चित्र न थांबणाऱ्या पुरवठ्याचं आहे. हा पुरवठा अरबी समुद्र करतो. त्याचं क्षेत्रफळ ३८ लाख चौरस किलोमीटरच्या वर, त्यामुळे त्यावरून एक मिलिमीटर पाण्याची वाफ झाली तरी कोयनेचं सव्वा धरण हवेत जातं.

हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. अरबी समुद्रावरच्या हवेत ५० मिलिमीटर बाष्प आहे असं धरलं, तर एका अंशाने त्यात साडेतीन मिलिमीटरची भर पडते. समुद्राच्या क्षेत्रफळाने गुणलं की साडेचार कोयना धरणं. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी एक अंशाने वाढलं आहे. म्हणजे ही भर कागदावरची नाही, ती डोक्यावर आलेली आहे.

हे सगळं घडतं ती हवा किती उंचीची? इथे ठाणेकरांना सोपं जाईल. पावसाळ्यातले सगळ्यांत उंच ढग पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत जातात, म्हणजे रेल्वेने ठाण्याहून डोंबिवली. ठाणे स्टेशन जमिनीवर आहे आणि रूळ सरळ आभाळात गेलेत असं समजा. कळवा येईपर्यंत हवेतलं निम्म्याच्या आसपास बाष्प मागे पडलेलं असतं. मुंब्र्याच्या सुमाराला निम्मी हवाच खाली राहते. एव्हरेस्टचं शिखर दिव्याच्या अलीकडे येतं. आणि डोंबिवलीच्या फलाटावर पाऊल ठेवलं की ढगांचं राज्य संपतं. पृथ्वीवरचा सारा पाऊस, सारी वादळं, आपल्याला ठाऊक असलेलं सारं हवामान सकाळच्या गर्दीत वीस-बावीस मिनिटांत कापल्या जाणाऱ्या या अंतराएवढ्या थरात आहे.

थर एवढा पातळ असल्यामुळेच त्यात आपण टाकलेली भर जाणवते. एका चौरस मीटरवर उभ्या असलेल्या हवेचं वजन सुमारे दहा टन. त्यात कार्बन डायऑक्साइड किती? साडेसहा किलो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे २८० रेणू होते, २०२४ साली ते ४२४ च्या आसपास पोहोचले. या वाढीचं वजन दर चौरस मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास येतं. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळपास २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर, समुद्र, वाळवंट, बर्फ सगळं धरून, प्रत्येक चौरस मीटरवर एकेक लिटर पेट्रोल ओतून जाळावं, तेवढी ही भर. डोंबिवलीतल्या पाचशे चौरस फुटांच्या घराच्या वाट्याला शेहेचाळीस लिटर आणि साऱ्या पृथ्वीवर मिळून कार्बन डायऑक्साइड सव्वा लाख कोटी टनांच्या थोडं अलीकडे. प्रत्यक्षात आपण सोडला तो याच्या जवळपास दुप्पट. निम्मा समुद्राने आणि झाडा-मातीने पोटात घेतला. हवेतल्या या वायूची आपल्या भागातली मोजणी १९९३ मध्ये गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर सुरू झाली. समुद्रावरून येणारी हवा तिथे काचेच्या कुप्यांत भरून घेत आणि तपासायला पाठवत. गोव्याला फिरायला जाणाऱ्या किती जणांना त्या कड्याची ही ओळख असेल?

एका लिटरने काय होतं, असं वाटेल. पृथ्वीला आज सूर्याकडून मिळणारी आणि तिने परत फेकलेली ऊर्जा यांत दर चौरस मीटरला सुमारे एक वॉटची तफावत आहे. त्या पाचशे चौरस फुटांच्या घरापुरती शेहेचाळीस वॉट, छताच्या पंख्याला लागते त्याहून कमी. पण पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. गुणाकार केल्यावर ५१ कोटी मेगावॉट येतात: कोयनेसारखे दोन लाख साठ हजार प्रकल्प, दिवसरात्र, एकही दिवस बंद न ठेवता. यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता समुद्र गिळतो. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरने वाढत गेली, त्यामागे हीच उष्णता आहे. ठाण्याच्या खाडीचं पाणी त्याच समुद्राचं आहे.

हे सारं गणितात बसवायला यंत्रंही तशीच लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आयआयटीएममध्ये ‘अर्क’ नावाचा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला एकावर सोळा शून्यं यांहूनही जास्त आकडेमोडी. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती. पालघर तेव्हा वेगळं झालं नव्हतं आणि ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. त्या साऱ्या माणसांनी, तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत, दर सेकंदाला एक बेरीज केली, तर ‘अर्क’चं एका सेकंदाचं काम संपवायला त्यांना तेहेतीस वर्षांहून जास्त लागतील.

एवढी ताकद जाते कुठे? चौकोन लहान करण्यात. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालते. आधी ते बारा किलोमीटरचे होते. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि गणितही निम्म्या वेळाच्या पावलांनी पुढे न्यावं लागतं, म्हणून काम आठपट. सहा किलोमीटरच्या हिशेबाने पृथ्वीवर एक कोटी चाळीस लाखांच्या वर चौकोन होतात, शिवाय प्रत्येकावर हवेचे थर रचलेले. एवढं करून ठाणे शहराच्या वाट्याला चौकोन येतात चारच्या आत. शंभर वर्षांपुढचं हवामान सांगणारी मॉडेलं तर अजूनही बहुतेक शंभर किलोमीटरच्या आसपासच्या चौकोनांवर चालतात. त्यांच्या एका चौकोनात गेटवेपासून खंडाळ्यापर्यंतचा मुलूख मावतो, आणि सह्याद्री हा कडा न राहता एक सौम्य चढ होतो.

मग आठ आठवड्यांत बीएस्सीचं मूल काय करणार? यावर मला एक जुनं काम आठवतं. सुलोचना गाडगीळ मूळच्या पुण्याच्या. त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनच्या अभ्यासाचं मोठं केंद्र उभं केलं. २०२५ च्या जुलैत त्या गेल्या. देवराज सिक्कांबरोबर त्यांनी १९८० साली एक शोधनिबंध लिहिला. १९७३ ते १९७७, एप्रिल ते ऑक्टोबर, उपग्रहाने टिपलेल्या ढगांची रोजची स्थिती त्यांनी तपासली. पाच वर्षांचे मिळून १,०७० दिवस. त्यातून दिसलं, की विषुववृत्ताजवळ समुद्रावर ढगांचा पट्टा तयार होतो, उत्तरेकडे सरकत भारतावर येतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तसाच नवा पट्टा निघतो. पावसाळ्यात पाऊस का दडी मारतो आणि पुन्हा का सुरू होतो, हे समजायला आजही इथूनच सुरुवात होते. दिवसाला वीस चित्रं लक्ष देऊन बघितली, तरी हजार दिवस आठ आठवड्यांत बघून होतात. बघणाऱ्याच्या मनात प्रश्न कोणता होता, त्यावर सगळं अवलंबून.

दुसरं उदाहरण ताजं आहे. आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या आणि त्यांना बाष्प पुरवण्यात अरबी समुद्राचा मोठा हात आहे. या कामाचं एक अंग साध्या मोजणीचं आहे: दिवसाला १५० मिलिमीटरची रेघ ओढायची आणि रेघ ओलांडणारे प्रसंग मोजायचे. पायथनमध्ये एक ओळ पुरते. खरी कसोटी नंतर लागते. १९५० साली या चौकोनात किती पर्जन्यमापक होते आणि २०१५ साली किती? मापकांची संख्या बदलली तर सरासरी बदलते आणि पाऊस तेवढाच असूनही टोकाचे आकडे बदललेले दिसू शकतात. हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ज्या मुलीला आपणहून पडतो, तिची इंटर्नशिप सार्थकी लागली असं खुशाल समजावं.

कारण त्या साडेबावीस कोटी आकड्यांच्या मुळाशी काय आहे, हे तिला त्याच वेळी कळतं. ही सारी फाइल वेगवेगळ्या काळांत मिळून ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवर उभी आहे. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं धरलं, तर या सगळ्या केंद्रांची तोंडं मिळून १३९ चौरस मीटर होतात, डोंबिवलीतल्या पाचशे फुटांच्या तीन घरांएवढी जागा. तेवढ्या जागेत पडलेल्या थेंबांवरून आपण अख्ख्या देशाचा शतकाहून जास्त काळाचा पाऊस सांगतो. जगभरातल्या मापकांचा असाच हिशेब शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडला: सगळे शेजारी शेजारी ठेवले तर फुटबॉलचं निम्मं मैदानही भरत नाही. आपल्या ठाणे-डोंबिवलीच्या चौकोनात एकच मापक असता, तर त्याने मोजलेली जागा आणि त्याने ज्याच्या वतीने बोलायचं ती जागा यांचं प्रमाण एकास साडेतीन हजार कोटींहून जास्त आलं असतं. अभिमानाने दाखवलेल्या कुठल्याही महासंगणकाच्या आकड्यापेक्षा मला हा आकडा जास्त अस्वस्थ करतो.

आणि मापक तरी काय चीज आहे? उघड्यावर, झाडा-इमारतींपासून दूर रोवलेलं एक नळकांडं. आत नरसाळं, त्याखाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, कडेला चढलेलं पाणी सोडून मधल्या खोलगट भागाचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. २०० चौरस सेंटीमीटरच्या तोंडात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. २६ जुलैचा सांताक्रूझचा पाऊस अशा तोंडातून जवळपास १९ लिटर आला असता. दहा लिटरची बाटली मधेच भरून वाहिली असती, म्हणून मुसळधार पावसात मापक रिकामा करायला मधे मधे जावं लागतं, आणि जाणारं माणूस हवं.

आपल्या भागाला या नोंदींची गरज का आहे, हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना होड्यांमधून बाहेर काढावं लागलं. ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर असं आपण म्हणतो, तेव्हा दर वर्षी त्याची शक्यता एक टक्का असते. वीस वर्षांचं गृहकर्ज फेडून होईपर्यंत तो निदान एकदा येण्याची शक्यता अठरा टक्के होते. नदीकाठी घर घेणाऱ्याला हा आकडा कुणीतरी सांगायला हवा. पण तो काढायचा तर त्या गावातलं जुनं माप लागतं. २७ किलोमीटरची सरासरी तिथे चालत नाही.

मुंबईत महापालिका, हवामान खातं आणि आयआयटीएमने मिळून स्वयंचलित मापकांचं बऱ्यापैकी दाट जाळं विणलं आहे. ठाणे-बदलापूर पट्ट्यात काही हौशी निरीक्षक स्वतःच्या गच्चीवर केंद्रं चालवतात आणि पावसाच्या दिवसांत हजारो लोक त्यांच्या आकड्यांची वाट बघतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. कॉलेजांना असं केंद्र चालवणं याहून सोपं आहे. ठाण्याचं बांदोडकर महाविद्यालय तर चेंदणीला खाडीच्या काठावरच उभं आहे. तिथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी खाडीचं पाणी आणि चिखल वर्षानुवर्षं तपासला आहे. ती खाडी २०२२ पासून ६,५२१ हेक्टरांचं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. खारफुटीच्या एका हेक्टरात, मुख्यतः चिखलात, सरासरी हजार टनांच्या आसपास कार्बन साठलेला असतो, असं हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवरच्या एका मोठ्या पाहणीत आढळलं आहे. तो हवेत गेला, तर सोळा लाख लिटर पेट्रोल जाळल्यासारखं होईल. आपल्या तिवरांखाली नेमका किती आहे, हे मोजणं हाही एका उन्हाळ्याचा विषय आहे.

पावसाचा हिशेब मात्र आजच करता येतो. जागतिक हवामान संघटना शहरी भागासाठी दर १० ते २० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक असावा असं सुचवते. त्या मापाने आपल्या ७३० चौरस किलोमीटरच्या चौकोनाला ३६ ते ७३ मापक लागतात. शाळा-कॉलेजांच्या पन्नास मोकळ्या गच्च्या किंवा मैदानाचे कोपरे धरू. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. पन्नास गुणिले एकशे बावीस म्हणजे एका पावसाळ्यात ६,१०० नोंदी, आणि राष्ट्रीय फाइलीत त्याच चौकोनाचे त्याच काळातले आकडे १२२. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेतच, ते या वहीला मिळावेत. एका मुलाने आठवडाभर नोंद घ्यायची, मग दुसऱ्याने; सुट्टीच्या दिवसाची पाळी आधी ठरवून घ्यायची. बांदोडकर, डोंबिवलीचं पेंढरकर आणि चौकोनाच्या हद्दीलगत कल्याणचं बिर्ला, एवढ्या तिघांनी जरी मापक रोवून ठेवले, तरी पुढच्या १ जूनला सकाळी साडेआठ वाजता पहिली नोंद घेता येईल. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाषाणला किंवा पवईला जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत त्या १२२ दिवसांची वही असेल, आणि तिच्या मार्गदर्शकाकडे नसलेला डेटा तिच्याकडे असेल.